अनुभव धागा: मोबाइलनं अंगावर काय काढलं?

सुरुवात मीच करते. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं तसा घरात पहिला फोन आला. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा दुसरा आला. माझं दुखणं मानेचं. दोन वर्षं मी ते कापूस वेचणीवर ढकललं. घरातले सगळे म्हणायचे, वाकून वाकून दुखते. पण वेचणी आटोपून चैत्र लागला तरी मान तशीच, वरून डाव्या हाताला मुंग्या. डॉक्टरांनी एकच विचारलं, "बाई, फोन कुठं धरून पाहता?" मी दाखवला, मांडीवर. ते म्हणाले, डोकं सरळ असलं तर मानेवर पाचेक किलोचा भार. ६० अंश खाली वाकवलं की तोच २५ किलोच्या वर जातो. सोयाबीन बियाण्याची बॅग मी उचलली आहे, म्हणून ते वजन मला लगेच समजलं.

सल्ले नकोत. कशावरून कळलं आणि मग काय केलं, तेवढं लिहा.

*

दारव्हा तालुका, कोरडवाहू आणि थोडं ओलित.

ताई, माझी झोप गेली. आमच्याकडं ओलिताची लाइन, म्हणजे मोटरीची वीज, आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. पहिले मोटर चालू करून मचाणीवर बसलो की डुलकी लागे, रानडुकरांची चाहूल लागली की जाग येई. फोन आल्यापासून डुलकी बंद. मग दिवसाची लाइन असली, घरी खाटेवर पडलो असलो, तरी दोन वाजेपर्यंत डोळे टक्क. डोळ्यावर उजेड असला की झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होतं, हे मी नंतर वाचलं.

कळलं ते हरभऱ्यावर. घाटेअळीची फवारणी होती. पंपात औषधाचं माप एकदा टाकलं की दोनदा, तेच आठवेना. झाकण हातात घेऊन मी बांधावर उभा. २०१७ मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, ते डोळ्यापुढं आलं. त्या दिवशी फवारलं नाही. आता मचाणीवर साधा बटनाचा फोन नेतो. पंधरा दिवस फार जड गेले. मग झोप आली, पण अजून पहिल्यासारखी नाही.

*

अंगणवाडी सेविका, गोंदिया जिल्हा.

माझा उजवा अंगठा. लेकरांच्या वजन-उंचीच्या नोंदी फोनवर, आणि रात्री घरी रील. मनगटाच्या कडेला अशी कळ निघायची की तांदूळ पाखडायला सूप धरता येईना. पट्टा बांधला, रील सोडले. नोंदी सोडता येत नाहीत, त्या आता फोन पाटावर ठेवून बोटानं करते.

*

मेहकरजवळचं गाव, दोन लेकरांची आई.

हे लिहिताना जीव जड होतो. माझा लहाना दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. मी शेतात जायची, तो फोनसमोर जेवायचा. एकदा मधेच चार्जिंग संपलं, तर तोंडातला घास त्यानं चावलाच नाही. गालात तसाच धरून काळ्या काचेकडं पाहत बसला. मी "बाळा, बाळा" म्हणत होते, तो मान वळवेना. त्या दिवशी मी घाबरले.

वरच्या सेविकाताईंसारख्याच आमच्या बाईंनी सांगितलं, की जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच म्हटलं आहे: वर्षाखालच्या लेकराला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्याला दिवसाला तासाच्या वर नको. सासूबाईंनी त्याचं जेवण गोठ्यात हलवलं. तीन दिवस नुसता आकांत. शेजारपाजारचे विचारायला आले, पोराला मारता काय? चौथ्या दिवशी वासराकडं बघत अर्धी भाकर खाल्ली. शब्द यायला पुढं दोन महिने लागले. कान तपासून आणले, ते बरे निघाले. सगळं फोनमुळंच होतं असं मी म्हणत नाही, पण मी त्याच्याशी बोलतच नव्हते हे खरं.

*

पुसद तालुका, पोलीस भरतीची तयारी.

आमच्या तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या पोरांना मोबाइल नको, असा ठराव घेतला. तेव्हा मला राग आला होता, अभ्यास कशावर करायचा? मी रात्री एक-एक वाजेपर्यंत गणिताचे व्हिडिओ पाहायचो, त्यात मधे मधे दुसरं काहीबाही. पहाटे धावताना १६०० मीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंद लागायचे ते सहाच्या वर गेले. पाय दुखत नव्हते, दमच पुरत नव्हता. आता व्हिडिओ दुपारी पाहतो, रात्री नऊनंतर फोन मायजवळ. कालचा वेळ पाच पन्नास.

*

धागा काढणारी.

मेहकरच्या ताई, लहाना आता काय म्हणतो, तेवढं सांगाल का?

*

मेहकरजवळचं गाव.

वासराला "ये" म्हणतो. मला "मा" म्हणतो, "य" अजून निघत नाही.