मदत हवी आहे: फॉर्मवर जुना अपघात कसा लिहायचा?

राम राम मंडळी. जळगावची, एमएच-१९ पासिंगची गाडी आहे. विमा कंपनी बदलायची आहे. तीन वर्षांत दोन घटना झाल्या. दुसऱ्या वर्षी भुसावळ रस्त्यावर बंपर आणि हेडलाइट गेला, झीरो डेपमधून (पार्टची घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर) क्लेम घेतला. यंदा पार्किंगमध्ये दार घासलं, ते खिशातून दुरुस्त केलं.

झीरो डेप असला तरी क्लेम तो क्लेमच. बोनस सुरक्षित ठेवणारं ॲड-ऑन नव्हतं, म्हणून नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर आला. विनाक्लेम वर्षांचा क्रम २०, २५, ३५, ४५, ५० टक्के, तोही फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाच्या हप्त्यावर. त्या क्लेमनंतर एकच वर्ष विनाक्लेम गेलं, म्हणजे आता हक्क २० टक्क्यांचाच. एजंट म्हणतो ३५ टाका, कोण बघतं! पण नवी कंपनी जुनीकडे पडताळणी करते. खोटं निघालं तर ऐन नुकसानीच्या वेळी पैसे कापतात किंवा क्लेमच नाकारतात. म्हणून २० च टाकणार, यात बदल नाही.

अडलंय ते दाराचं. काही फॉर्म फक्त ‘क्लेम’ विचारतात, काही ‘अपघात’. दुसऱ्या प्रकारात ही घटना तारीख आणि गॅरेजच्या बिलासह लिहायची ना? त्याने हप्ता वाढतो का?

आणि क्लेमचा इतिहास जुन्या कंपनीकडून लेखी कोणी घेतलाय का? जळगाव शाखेत मिळतो की मेलच करावा लागतो? पॉलिसी संपायला १२ दिवस आहेत. खंड पडला तर गाडीची तपासणी आलीच, आणि ९० दिवस उलटले तर उरलेला बोनसही जाईल.