मदत हवी आहे: जोराच्या वाऱ्यात घरी बांधलेली होडी आवरत नाही (धोम जलाशय)

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. मी वाईचा. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून अंगणात शिडाची होडी बांधली. १५ फूट लांब, ६ मिमी मरीन प्लायची, सांधे एपॉक्सी आणि काचकापडाचे. पुढे दोघं झोपतील एवढं छप्पर आहे. मोठं शीड ८० चौरस फूट, पुढचं लहान शीड (जिब) ३०. सेंटरबोर्ड (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात उतरणारी फळी) खिळ्यावर मागे-पुढे फिरतो. तळाला ६० किलो वाळूच्या पिशव्या ठेवल्यात. कोयनेच्या जलाशयात तापोळ्याहून बामणोलीपर्यंत जायचं, रात्री होडीतच मुक्काम करायचा, यासाठी हा सगळा खटाटोप.

मागच्या रविवारी धोमला दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडून वारा एकदम वाढला. पाणीभर पांढरा फेस. सोबत चौदा वर्षांची मुलगी होती, दोघांनी लाइफ जॅकेट घातलेलं. शीड कमी करायचं म्हणून मी आधी जिब उतरवलं. होडी शांत होईल असं वाटलं होतं, पण झालं उलटं. प्रत्येक झोताला ती कलायची आणि नाक वाऱ्याकडे फिरवायची. सुकाणूचा दांडा पोटाशी ओढून धरला तरी उपयोग नाही. दोनदा काठावरून पाणी आत आलं. मुलगी डबा घेऊन उपसत होती. शेवटी सगळी शिडं खाली घेऊन वल्ह्यांनी काठ गाठला.

मला हे समजून घ्यायचंय: शीड कमी केलं तरी होडी जास्त का वळली? डोलकाठी चुकीच्या जागी बसलीय का? ती हलवायची तर छप्पर कापावं लागेल, म्हणून जीव खाली-वर होतोय.

खाडीवाला:

छप्पराला अजिबात हात लावू नका. आधी जिब उतरवलं, तिथेच घोळ झाला.

शिडांच्या सगळ्या जोराचा एक मध्य असतो आणि पाण्याखालच्या अंगाचाही एक, साधारण सेंटरबोर्डपाशी. जिब पुढे असतं, ते नाक वाऱ्यापासून दूर ढकलतं. ते काढल्यावर उरलेला सगळा जोर सेंटरबोर्डच्या मागे गेला, म्हणजे शेपूट वाऱ्याखाली आणि नाक वाऱ्याकडे. तुमच्यासारख्या होडीत आधी मोठ्या शिडाला रीफ घ्यायचा, म्हणजे त्याचा खालचा भाग गुंडाळून बांधून ते लहान करायचं, आणि जिब ठेवायचं.

दुसरं कारण कलणं. होडी कलली की शिडाचा ओढा एका बाजूला पाण्यावर जातो आणि बुडालेली कूसही तिला वाऱ्याकडेच वळवते. त्यातच सुकाणू अर्धं पाण्याबाहेर येतं, मग दांडा कितीही ओढा. म्हणून झोत आला की आधी मोठ्या शिडाची दोरी सोडायची, होडी सरळ झाली की पुन्हा ओढायची. ही दोरी खुंटीला बांधून ठेवू नका. जोराच्या वाऱ्यात हातातच हवी.

वारा १० नॉटचा (१ नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी) २० झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ‘रीफ घ्यावा का?’ असा विचार पहिल्यांदा मनात आला की तेव्हाच घ्या. पाणीभर फेस दिसतो तेव्हा वारा साधारण १७ ते २१ नॉट असतो, तुमच्या होडीला पूर्ण शिडानं तो झेपणार नाही.

सेंटरबोर्ड थोडा मागे झुकवून पाहा, दांडा हलका लागेल.

शीड_आणि_सुकाणू:

मला तुमच्या वाळूच्या पिशव्यांची काळजी वाटते. त्या बांधलेल्या आहेत का? होडी कलल्यावर पिशव्या खालच्या बाजूला घसरल्या तर तेच वजन तिला उलटवेल. पट्ट्यांनी तळाला आवळा. छप्पराखाली आणि मागच्या बाकाखाली हवाबंद कप्पे आहेत का तेही सांगा. नसतील तर फोम भरा. मग वारा नसलेल्या दिवशी, छातीभर पाण्यात, दोनतीन जणांना घेऊन होडी मुद्दाम उलटवून पाहा. ती आत किती पाणी घेते, पुन्हा सरळ होते का, हे मुलीला बसवण्याआधी कळलंच पाहिजे.

कृष्णाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. पिशव्या मोकळ्याच होत्या. हे वाचून अंगावर काटा आला. आता त्या पट्ट्यांनी आवळल्या, दोन्हीकडे फोम भरला. मोठ्या शिडाला रीफची भोकं पाडून पितळी कड्या बसवल्या, आता ते ५५ चौरस फुटांपर्यंत कमी होतं. उलटवून पाहिली. दोघांच्या वजनानं सरळ झाली, पण पाणी बरंच राहिलं, म्हणून मोठी बादली दोरीनं बांधून ठेवलीय.

काल सकाळी रीफ घेऊन, जिब ठेवून निघालो. मध्यम वारा होता. दांडा दोन बोटांत राहत होता! एकच अडचण: लाटांत दिशा बदलताना नाक वाऱ्यासमोर येऊन तिथेच थांबतं.

खाडीवाला:

हलक्या होडीचं असंच होतं, लाट तिचा वेग खाते. वळण्याआधी जरा वाऱ्यापासून दूर जाऊन वेग घ्या, दांडा हळू ढकला. आणि जिब लगेच सोडू नका. वाऱ्यानं ते उलटं फुगून नाक पलीकडे ढकललं की मगच दोरी बदला.