खामगावच्या जुन्या अडत दुकानाचं वय कसं काढायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या पणजोबांचं खामगावला कापसाचं अडत दुकान होतं, ती दुमजली इमारत अजून उभी आहे. रस्त्याला लागून ओटा, आत पेढी, मागे चौक, त्याच्या पलीकडे वखार आणि वर माडी. पुढच्या बाजूला शटर नाही, सुट्ट्या सागवानी फळ्या आहेत, प्रत्येकीवर आकडा कोरलाय आणि त्याच क्रमाने खाचेत सरकवल्या तरच शेवटची बसते, एक चुकली की काढा परत सगळ्या. लहानपणी हे काम माझ्याकडे असायचं.

तर वाद असा आहे की काका छातीठोकपणे सांगतात इमारत 1865 ची, का तर कौलावर तसं छापलंय. मी माळ्यावर चढून बघितलं, 'बासेल मिशन' मंगळूर आणि खाली 1865. पण बासेल मिशनचा कौलांचा कारखानाच 1865 ला सुरू झाला ना? म्हणजे ते कारखान्याचं साल, कौलाचं नाही. आणि कौलं काय, मागाहूनही बदलता येतात.

तसं काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मग 1870 मध्ये जलंब-खामगाव रेल्वे झाली, खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते उद्घाटनाला. तेव्हा त्या काळात कुणी अडत्याने दुकान बांधलं असेल तर नवल नाही.

पण वखारीत कडीपाटाखाली (लाकडी तुळया-फळ्यांच्या छताखाली) जो लोखंडी गर्डर आहे त्यावर डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो असं उठवलंय आणि ती विलायती पोलाद कंपनी 1875 नंतरची. आता गर्डर मुळातला की वखार मागून वाढवली?

तिसरा पुरावा म्हणजे ट्रंकेत सापडलेलं मोडीतलं खत, म्हणजे जागेचा जुना दस्त. मला मोडीची फक्त अक्षरओळख आहे, पण 'जिल्हा आकोला' एवढं नक्की लागतंय. खामगाव तालुका 1905 मध्ये अकोल्यातून बुलढाण्याला जोडला, म्हणजे कागद त्याआधीचा असावा. फक्त तो मोकळ्या जागेचा आहे की बांधलेल्या दुकानाचा, सगळं घोडं तिथेच अडलंय.

जाणकारांनी कृपया सांगा, नगर भूमापनला (सिटी सर्व्हे ऑफिसात) मिळकत पत्रिकेसोबत (प्रॉपर्टी कार्ड) जुनी चौकशी नोंदवही बघायला मिळते का, अर्ज कसा करायचा? नगरपालिकेच्या जुन्या घरपट्टी नोंदींचा उपयोग होतो का? आणि वऱ्हाडातली मोडी वाचणारं कुणी अकोला-बुलढाणा भागात आहे का, फोटोवरून चालेल.

अजून एक, गेल्या वर्षी एका ठेकेदाराने चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून दिला, नको म्हणत होतो, एका पावसाळ्यात आत ओल धरली आणि पोपडे सुटले. आता तो गिलावा खरवडून परत चुना लावायचाय. चुना मळून देणारे गवंडी आहेत का कुठे अजून? आमच्याकडे जो येतो तो आधी 'पाडा आन् स्लॅब टाका' म्हणतो.

जरा लवकर कळवा, कौलं उतरवायला माणूस सोमवारी येतोय आणि काकांनी एक कौल आत्ताच फ्रेम करायला काढून ठेवलंय.