उंदराच्या मेंदूतली जनुकं आणि आमच्या पार्किंगमधला दिवा

कोथरूडचा_काळोख (धागाकर्ता)

रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेत नसलेला विषय तासभर चालला: पार्किंगमधला नवा पांढरा एलईडी फ्लडलाइट. बी विंगच्या पहिल्या मजल्यावर तो थेट बेडरूममध्ये येतो. तिथल्या एका सभासदांनी मोबाइलवरून वाचून दाखवलं, की रात्री उजेड पडला की उंदरांच्या मेंदूत काही जनुकं 'चालू' होतात, सबब दिवा काढा. अध्यक्ष म्हणाले, "आपण काय उंदीर आहोत का?" झालं, हशा पिकला आणि विषय गुंडाळला.

दिवा मलाही नकोय, पण अध्यक्षांचं म्हणणं पटलं. या प्रयोगांत उंदीर अंधारात ठेवतात, ठरावीक वेळ उजेड दाखवतात, मग मेंदूतल्या एकेका पेशीतला आरएनए (जनुक चालू झालं की बनणारी त्याची नक्कल) मोजतात. आरएनए वाढला म्हणजे झोप उडाली असं थोडंच आहे? त्यात उंदीर निशाचर. असल्या आलेखांवर सोसायटीचे ठराव करू नयेत असं माझं मत. बोला.

पिपेटधारी

निशाचराचा मुद्दा सगळ्यात आधी सुचतो, आणि नेमका तोच टिकत नाही. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर एससीएन नावाचा पुंजका असतो. उंदरात साधारण २० हजार न्यूरॉन. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. गंमत अशी की हे न्यूरॉन दिवसा जागणाऱ्या प्राण्यात दिवसा जास्त चालतात आणि निशाचर उंदरातही दिवसाच! घड्याळ एकच वेळ दाखवतं. ती वेळ बघून कोणी उठतो, कोणी झोपतो.

१९९७ मध्ये दिसलं, की उंदराला रात्री थोडा वेळ उजेड दाखवला तर तासाभरात एससीएनमध्ये पर-१ या घड्याळाच्या जनुकाचा आरएनए चढतो. तोच उजेड त्याच्या घड्याळात दिवस असताना दाखवला तर ढिम्म. रात्रीच्या सुरुवातीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, पहाटेचा पुढे. हे माणसातही तसंच. तेव्हा "आपण उंदीर आहोत का" याचं उत्तर, या बाबतीत बऱ्यापैकी हो.

रातपाळी_हिंजवडी

चार वर्षं रातपाळी केली. सकाळी कॅबमधून परतताना ऊन डोळ्यांत, घरी येऊन दुपारपर्यंत छताकडे बघत पडायचं. मला कुठल्या जनुकाने सांगावं लागलं नाही. बायकोने जाड काळे पडदे शिवून आणले, प्रश्न मिटला. बी विंगवाल्यांनी पडदे लावावेत, उगाच मेंदू कशाला कापताय?

जुना_लॅबवाला

धागाकर्त्याच्या बाजूने एक मुद्दा. एकेका पेशीचा आरएनए मोजायचा तर आधी मेंदूचा तुकडा एन्झाइममध्ये घालून पेशी सुट्या कराव्या लागतात. त्या हाणामारीत फॉससारखी, पेशी डिवचली की लगेच चालू होणारी जनुकं उजेड न दाखवताही वर जातात. पेशी घाबरली म्हणून वाढलेला आरएनए आणि उजेडाने वाढलेला आरएनए, कागदावर दिसतात सारखेच. मी स्वतः या खड्ड्यात पडलोय, दोन महिन्यांचं काम टाकून दिलं.

पिपेटधारी

मान्य, पण हा खड्डा आता माहितीतला आहे. पेशी सुट्या करतानाच अ‍ॅक्टिनोमायसिन घालून नवा आरएनए बनणं थांबवतात, किंवा मेंदू लगेच गोठवून नुसती केंद्रकं काढतात. शिवाय अंधारातल्या उंदरांचे नमुने सोबत असतातच. घाबरणं दोन्हीकडे, उजेड एकीकडे. (उंदराविरुद्ध खरा मुद्दा कोणी काढलाच नाही. प्रयोगशाळेतला नेहमीचा काळा उंदीर मेलॅटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, जवळपास बनवतच नाही. त्या बाबतीत तो आपल्यासारखा अजिबात नाही.)

पौड_रोडची_काकू

अहो, मेलॅटोनिनसाठी उंदीर हवेत कशाला? २००१ मध्ये दोन गटांनी माणसांवरच मोजलं. मेलॅटोनिन सगळ्यात जास्त दाबतो तो ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा कळस साधारण ४५० ला असतो. तुमच्या सभासदांनी चुकीचा पुरावा वाचला, मागणी बरोबर होती. अध्यक्षांना हे वाचून दाखवा, मग बघू हसतात का.

कोथरूडचा_काळोख

निशाचराचा मुद्दा मागे घेतो, चूक झाली. पण काकू, त्या प्रयोगातली माणसं डोळे उघडे ठेवून दिव्यासमोर बसली होती, आणि बाहुल्या औषधाने मोठ्या केलेल्या. बी विंगवाले पापण्या मिटून झोपतात. पापणीतून जातो तो मुख्यतः तांबडा उजेड, निळा फार थोडा. काल रात्री त्यांच्याच उशीवर मोबाइल ठेवून मोजलं: पडदा उघडा असताना ९ लक्स, लावल्यावर १. मोबाइलचा सेन्सर काही प्रयोगशाळेचा नाही, तरी अंदाज येतो. त्रास आहे, नाही म्हणत नाही. पण जनुकांच्या नावाने नको, "डोळ्यांवर येतो" एवढंच म्हणा की.

पौड_रोडची_काकू

"डोळ्यांवर येतो" म्हटलं तर पुण्यात कोण ऐकतं? आणि झोपायच्या आधी दोन तास ते त्याच खोलीत डोळे उघडे ठेवूनच बसतात ना? ते ९ लक्स तेव्हाचे मोजा.

रातपाळी_हिंजवडी

दिव्याचं तोंड खाली वळवा आणि वर पत्र्याची टोपी बसवा. कंपनीच्या गेटवर केलंय, चालतं.

कोथरूडचा_काळोख

इलेक्ट्रिशियन ४५० मागतोय. ते मेंटेनन्समधून द्यायचे की बी विंगने वर्गणी काढायची, यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून ६३ मेसेज झालेत.