रिमोट डेस्कटॉपमध्ये आऊटलूकची वेळ साडेतीन तास मागं दाखवतंय, काय करायचं?

शिरोली_एक्सपोर्ट:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, कास्टिंग जर्मनीला जातंय. मेल आणि सगळ्या फायली ज्या सर्व्हरवर आहेत तो पण तिकडं युरोपातच, आम्ही इथनं रिमोट डेस्कटॉपनं आत शिरून काम करतो. त्यात आऊटलूक उघडलं की दुपारी चारला आलेला मेल साडेबाराला आला म्हणून दाखवतंय आणि मोबाईलवर तोच मेल बरोबर चारला. कॅलेंडरचं तर विचारूच नका, परवा कस्टमरचा कॉल अकराला दिसत होता म्हणून क्वालिटीवाले, मॅनेजर सगळे ड्रॉइंग पसरून बसले, कॉल आला अडीचला, तोवर निम्मी माणसं परत शॉप फ्लोअरवर. जोतिबा यात्रेची सुट्टी घरच्या लॅपटॉपवरनं दिवसभराची म्हणून टाकलेली, ती इथं दोन दिवस पसरलीय. आणि गंमत नाही खरंच, मार्चच्या शेवटापर्यंत फरक साडेचार तासाचा होता, आता साडेतीनचा झालाय. घड्याळ सरकालंय काय? हार्डवेअरवाला म्हणतोय सर्व्हरचं घड्याळ साडेतीन तास पुढं करून टाकू. करू द्यायचं काय?

उद्यमनगर_अॅडमिन:
अजिबात करू देऊ नका भावा! घड्याळ बरोबर आहे, टाईम झोन, म्हणजे कुठल्या देशाची वेळ दाखवायची ते सेटिंग, वेगळं आहे. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं घेतात, आपल्याकडं तसलं काही नाही, म्हणून साडेचारचं साडेतीन झालं. आऊटलूक वेळ आतमध्ये यूटीसीत, म्हणजे जगाच्या एकाच प्रमाण वेळेत, ठेवतं आणि दाखवताना विंडोजचा झोन लावून दाखवतं. तुमचं सेशन, म्हणजे रिमोटनं आत शिरल्यावर उघडतं ते, सर्व्हरचा झोन धरून बसलंय एवढंच. घड्याळ पुढं केलंत तर पाठवलेल्या मेलवर भलतीच वेळ पडेल आणि डोमेनवर, म्हणजे कंपनीच्या एकत्र लॉगिनच्या नेटवर्कवर, असाल तर लॉगिनच बंद, कारण लॉगिन तपासणारं कर्बेरॉस मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटाच्या वर फरक चालवून घेत नाही. सर्व्हरचा झोन इंडिया करा असं पण कोणतरी सांगेल, पण त्याच सर्व्हरवर जर्मनीची माणसं असतील तर त्यांची वेळ बिघडणार.

सर्व्हरवर ग्रुप पॉलिसी (सगळ्यांना एकदम लागू होणारी विंडोजची सेटिंग) उघडा, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, त्यात सेशन होस्ट आणि मग डिव्हाइस अँड रिसोर्स रिडायरेक्शन. तिथं ‘अलाऊ टाईम झोन रिडायरेक्शन’ आहे, ते इनेबल करा, म्हणजे ज्या पीसीवरनं शिरलाय त्याचा झोन सेशनला लागतो. आपोआप चालू नसतं ते, म्हणून बहुतेक ठिकाणी हाच घोळ सापडतो. नंतर सगळ्यांना साइन आऊट करायला लावा. नुसतं वरचा क्रॉस दाबून चालत नाही, सेशन आत तसंच जिवंत राहतंय आणि जुनाच झोन घेऊन बसतंय.

राजारामपुरी_ताई:
वरच्या दादांनी सांगितलंय ते बरोबर, फक्त एक राहिलं. कस्टमरकडनं आलेली इन्व्हाइट आपोआप नीट दिसतील, पण आतापर्यंत तुमच्या माणसांनी सेशनमध्ये बसून आपली वेळ समजून हातानं टाकलेल्या मीटिंग बघा. कुणी दुपारी दोन टाकले असतील तर ते जर्मनीचे दोन धरलेत, झोन सुधारला की ते इथले साडेपाच दिसणार. त्या एकेक उघडूनच दुरुस्त कराव्या लागतील, इलाज नाही. सुट्टीचं उलटं आहे, घरनं टाकलेला दिवस आपल्या रात्री बाराला सुरू होतो, म्हणजे तिकडं आदल्या दिवशी रात्रीचे साडेआठ, म्हणून दोन दिवस दिसतोय. झोन आला की ती एका दिवसात बसेल, हात लावू नका. आणि पुढं कस्टमरची वेळ पण शेजारी हवी असेल तर आऊटलूकच्या कॅलेंडर ऑप्शनमध्ये दुसरा टाईम झोन दाखवायची सोय आहे, एक्सपोर्टच्या माणसाला लय उपयोगी पडते ती.

शिरोली_एक्सपोर्ट:
पॉलिसी लावली, सगळ्यांना साइन आऊट केलं, मेल एकदम बरोबर यायला लागले, यात्रेची सुट्टी पण एका दिवसावर आली. लय आभार दोघांचे. पण स्टोअरच्या पीसीवरनं शिरलं की आता साडेबारा तास मागं! त्या पीसीचं स्वतःचं घड्याळ तर बरोबर आहे वो.

उद्यमनगर_अॅडमिन:
त्या पीसीचा झोन बघा, पॅसिफिक, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, असणार. नवीन विंडोज टाकल्यावर झोन तसाच राहिला असेल आणि कुणीतरी घड्याळ हातानं फिरवून इथल्या वेळेला आणलं असेल. रिडायरेक्शन फक्त झोन पाठवतं, वेळ सर्व्हरचीच धरली जाते, त्यामुळं हातानं फिरवलेलं इथं उघडं पडतं. झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ करा, वेळ आपोआप घ्यायचं चालू करा, मग तिथल्या सेशनमधनं साइन आऊट होऊन परत शिरा. नाही जमलं तर कळवा, संध्याकाळी बघतो.