वर-खाली होणारा बेड घरी आणला त्यांनी सांगा

गोदाकाठची
परवा माळा आवरताना आईची बाज निघाली. हात लावला आन् तिथंच बसले. लकव्यानंतर चार महिने आई त्याच बाजेवर होती. पाठीला चार उशा लावायच्या, दोन घास खाईपर्यंत ती खाली घसरायची. मग मी काखेत धरून वर ओढायची. त्या ओढण्यानंच माकडहाडावरची कातडी सोलली हे नर्सबाईंनी सांगितलं तवा कळलं. दोन हँडलचा जुना बेड 14 हजारांत घेतला. आधी गुडघ्याचं हँडल फिरवायचं, मग पाठीचं. मग माणूस घसरत नाही. हे कुणी आधी का नाही सांगितलं?

मांजरापार
आमची आत्या. सास्तूरकडची. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात भिंत अंगावर आली, कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हा असले बेड आम्ही बघितले पण नव्हते. आजोबांनी पत्र्याच्या अँगलला साखळी बांधली, ती धरून ती स्वतः उठून बसायची. बेड आला 2016 ला. तोवर तिचे खांदे कामातून गेले होते.

लेकुरवाळी
😢 आत्याला नमस्कार सांगा

मांजरापार
गेली ताई, करोनाच्या आधी.

तुरीचं शेत
हँडलवालाच घ्या. मोटारीचा बेड वर केला आन् लाईट गेली, तीन तास वडील तसेच बसून. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या फुग्यांची गादी असते, तिचा पंप पण लाईटवरच, त्याला इन्व्हर्टर लागतोच. आन् गादी असली तरी दर दोन तासाला कूस बदलावी लागती, दुकानदार हे सांगत नाहीत.

औंढेकर
आधी दार मोजा! आमचं दगडी घर, दार अडीच फुटी, बेड तीन फुटी. शेवटी चौकट काढली. चाकांचे ब्रेक पण बघून घ्या.

लेकुरवाळी
गोदाकाठची ताई, तुम्ही नांदेडच्या का? माझं माहेर वजिराबादला.

गोदाकाठची
हो गं, जवळच. कोणत्या शाळेत होतीस?

बाभूळबन
पैशाचं कुणीच लिहिलं नाही. गावात असाल तर ग्रामपंचायतीकडं दिव्यांगांच्या 5 टक्के निधीतून मागा. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आम्हाला दोन वर्षं नुसतं "निधी नाही" म्हणायलेत, तरी सोडलं नाही. घरात कुणी पगारदार असेल तर जुन्या करपद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांगाच्या सांभाळासाठी आयकरात वजावट मिळते (1961 च्या कायद्यातलं कलम 80 डीडी): 75,000, आन् अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असलं तर 1,25,000. बाकी नंतर, भाकरी तव्यावर आहे.

लेकुरवाळी
ताई, आईचा बेड आहे का अजून? माझ्या दिराचा अपघात झालाय, मणक्याला मार आहे. परभणीला न्यायचा होता.

गोदाकाठची
आहे. पैसे नकोत, टेम्पो घेऊन ये. हँडल दांड्यासकट आत सरकतं, दोरीनं बांध. गादी मात्र नवी घे गं, ती आईची आहे.