अनुभव धागा: दिव्यांगांसाठी राखीव पार्किंग आणि आपले शेजारी

ओसरी:
मंडळी, काल संध्याकाळी आमच्या सोसायटीत रंगारी पार्किंगचे पट्टे नव्याने मारत होता आणि लिफ्टजवळच्या जागेतले चाकाच्या खुर्चीचे पुसट चित्र त्याने माझ्या डोळ्यांदेखत काळ्या रंगाखाली घालवले. विचारल्यावर म्हणाला, "साहेब म्हणाले, आता लागत नाही." बाबांना जाऊन तीन वर्षे झाली आहेत, त्यामुळे त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण त्या जागेवरून झालेली भांडणे रात्रभर आठवत राहिली, म्हणून हा धागा काढला आहे. आपापल्या इमारतीतले, गल्लीतले अनुभव अवश्य लिहावेत.

बाबांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि उजव्या पायाला मांडीपर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा, असे. गाडीचा ब्रेक व ॲक्सिलरेटर त्यांनी हाताने चालतील असे करून घेतले होते, त्यामुळे गाडी चालवणे त्यांना सोपे होते, अवघड होते ते उतरणे. दार पूर्ण उघडायचे, पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढायचा, तो सरळ ताणून गुडघ्याजवळची कडी खाली सरकवायची आणि ती 'खट्' वाजून बसली की मगच दाराच्या चौकटीला धरून उभे राहायचे. ताणलेला पाय आणि सताड उघडलेले दार नेहमीच्या अडीच मीटरच्या पार्किंगमध्ये मावत नाहीत. म्हणूनच राष्ट्रीय इमारत संहितेत अशा जागेची रुंदी किमान ३.६ मीटर आणि प्रवेशद्वारापासूनचे अंतर जास्तीत जास्त ३० मीटर सांगितले आहे. शेजाऱ्यांना मात्र त्या जादा मीटरभरात एक मोटरसायकल सहज बसते, एवढेच दिसत असे.

ती मोटरसायकल दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची होती. काका वाईट नव्हते. एकदा रात्री अकराला औषधाचे दुकान उघडायला लावून बाबांच्या गोळ्या त्यांनीच आणल्या होत्या. तरीही एका मे महिन्यातल्या दुपारी त्यांच्या मोटरसायकलमुळे बाबा पाऊण तास गाडीत बसून राहिले. लोकांची झोपेची वेळ म्हणून त्यांनी हॉर्नही वाजवला नाही. काका खाली आल्यावर म्हणाले, "अहो, हाक मारायची ना!" बाबांना पाऊण तासाच्या उकाड्यापेक्षा हे वाक्य जास्त लागले, कारण स्वतःच्या जागेत उतरण्यासाठी रोज कोणाला तरी हाक मारावी लागणे, हेच तर त्यांना टाळायचे होते.

माजी_सचिव:
ओसरीताई, दुसरी बाजू मांडतो आणि त्यात माझी चूकही सांगतो. आमच्याकडे ४४ सदनिका आणि गाड्यांच्या जागा २७. जागा कमी आणि मागणी जास्त असेल तर चिठ्ठ्या टाकून वाटप करावे, असे आदर्श उपविधींत (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीत) आहे आणि आम्ही दरवर्षी तसेच करत होतो. तळमजल्यावरच्या एका कुटुंबातील मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूशी संबंधित, हालचालींवर परिणाम करणारे दिव्यांगत्व) आहे. तिच्यासाठी लिफ्टलगतची जागा कायमची द्यावी, असा अर्ज आला, तेव्हा मी तो वार्षिक सभेत 'माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या कलमाखाली ढकलला. त्या कलमापर्यंत सभेत कोण उरते, हे आपण सर्व जाणतो.

पुढच्या वर्षी विषय रीतसर घेतला, तर ज्यांची ती जागा होती त्यांनी बिल्डरने दिलेली पार्किंगची पावतीच काढून दाखवली. स्टिल्टखालची (खांबांवर उभ्या इमारतीच्या तळाची) जागा सामाईक असते आणि बिल्डर ती स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल मी वाचून दाखवला, त्यावर, "मग माझे पैसे कोण परत देणार?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. शेवटी त्यांनी जागा बदलून घेतली, पण "मी दिली, कायद्याने घेतली नाही" असे इतिवृत्तात लिहायला लावले. ते आम्ही जसेच्या तसे लिहिले.

दळणाचा_डबा:
आमच्या राखीव जागेत दरवर्षी दहा दिवस गणपतीचा मांडव असतो. सासूबाईंची व्हीलचेअर त्या काळात मागच्या फाटकातून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून आणावी लागते. साक्षात विघ्नहर्त्यानेच जागा अडवल्यावर तक्रार कोणाकडे करायची, हे सासूबाईंचे वाक्य आता पूर्ण इमारतीत प्रसिद्ध आहे. मांडव मात्र हललेला नाही.

थेम्सकाठचा:
इंग्लंडमध्ये आमचे भांडण वेगळ्याच वळणाने गेले. आईच्या संधिवातामुळे तिला ब्लू बॅज, म्हणजे तिथला दिव्यांगांसाठीचा पार्किंग परवाना, मिळाला आणि आमच्या अर्जावरून कौन्सिलने (तिथल्या नगरपालिकेने) घरासमोरच्या रस्त्यावर राखीव चौकोन आखून दिला. आईने देशातल्या नातेवाइकांना त्याचा फोटो पाठवून "सरकारने माझ्या नावाने जागा काढून दिली" असे कळवले. आठवडाभरात समोरच्या घरातले एक निवृत्त गृहस्थ त्यात गाडी लावून मोकळे झाले. त्यांच्याकडेही ब्लू बॅज होता. चौकशी केल्यावर समजले की सार्वजनिक रस्त्यावरची ही जागा कोणाच्याच नावाची नसते आणि कोणताही बॅजधारक ती वापरू शकतो. त्यातही आमचा चौकोन निव्वळ सूचनावजा होता, म्हणजे त्यामागे वाहतुकीचा आदेश नसल्याने बॅज नसलेल्यालाही दंड होऊ शकला नसता. सारी भिस्त शेजाऱ्यांच्या भिडेवर.

त्यानंतर दोन वर्षे आई आणि ते गृहस्थ पडद्याआडून एकमेकांच्या गाडीवर नजर ठेवून होते. ते दवाखान्यात निघाले रे निघाले की आई मला कामावर फोन करून "जागा मोकळी झाली" म्हणून कळवायची. दोघांचेही गुडघे सारखेच दुखत होते, पण याविषयी ते एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

सायंकाळ:
मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. सकाळी मी बरी चालते, संध्याकाळी ऑफिसातून परतेपर्यंत पाय शिशाचे होतात. माझी सकाळ गॅलरीतून पाहणाऱ्या शेजारीणबाईंनी कार्यकारिणीकडे लेखी तक्रार केली की, धडधाकट बाई अपंगांची जागा बळकावते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मोजली आहेत आणि माझा आजार त्यांत नावानिशी आहे. मी तो उतारा आणि माझे युडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) समितीला दाखवले, त्यांनी ते मान्यही केले. तेव्हापासून त्या कार्डाची झेरॉक्स काचेला लावून गाडी उभी करते. नियमाने जिंकले, हे खरे. पण माझा आजार मी सासरच्या लोकांनाही तोपर्यंत सांगितला नव्हता आणि आता तो दूधवाल्यालाही ठाऊक आहे.

दळणाचा_डबा:
सायंकाळ, वाचून वाईट वाटले गं. नंतर त्या बाई काही बोलल्या का?

सायंकाळ:
संक्रांतीला तिळगूळ घेऊन आल्या होत्या. पार्किंगचा विषय दोघींनीही काढला नाही.

दोन_मिनिटे:
हे सर्व वाचून कबूल करतो की मी या गोष्टीतला दुसरा माणूस आहे. पाण्याचे कॅन उतरवायला "दोनच मिनिटे" म्हणून मी तिथे गाडी लावतो, आणि ही दोन मिनिटे कॅन तिसऱ्या मजल्यावर चढवून, चहा पिऊन संपतात. आजवर कोणी अडवले नाही, याचा अर्थ कोणाची अडचण झाली नाही असा मी धरून चाललो होतो. ओसरीताईंच्या वडिलांनी हॉर्न वाजवला नव्हता, हे वाचल्यापासून अस्वस्थ आहे.

ओसरी:
सर्वांचे आभार. आज सकाळी सचिवांशी बोलले. "वापरणारे कोणी नाही" म्हणाले. चौथ्या मजल्यावरच्या आजी वॉकर घेऊन लिफ्टपर्यंत येतात, हे त्यांच्या लक्षात नव्हते. चित्र पुन्हा काढायचे ठरले आहे, परंतु रंगाऱ्याकडे त्याचा साचा नसल्याने पुठ्ठ्यातून खुर्ची कापण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. बाबांचा मोजपट्टीचा टेप कपाटात सापडला, त्यानेच ३.६ मीटर मोजून देणार आहे.

माजी_सचिव:
पुठ्ठा पातळ घेऊ नका, रंग खालून झिरपतो. आमच्या खुर्चीला त्यामुळे तिसरे चाक फुटले आहे.